ओळीला पाच शब्द

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. आधी तिनं हवेचं सांगितलं, मग दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गुडघ्याचं. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सोमवारपास्नं अण्णांकडं थिनिंग लागतंय. कात्र्या धार लावायला दिल्यात. तुझीपण दिली."

मी कॉलेजच्या लायब्ररीबाहेर उभी होते. समोर पार्किंगमध्ये मुलं गाड्या काढत होती. पण 'तुझीपण दिली' एवढं ऐकलं आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप दोनदा उघडला, मिटला. त्या लहान टोकदार कात्रीला स्प्रिंग असते. हात तिची सवय विसरत नाही.

ज्यांनी द्राक्ष फक्त पेटीत पाहिलंय त्यांना थिनिंग म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑक्टोबरात वेलीची छाटणी होते. पुढे दोनेक महिन्यांत घड लोंबू लागतात आणि मणी ज्वारीच्या दाण्याएवढे होतात. तेव्हा प्रत्येक घडातले निम्म्याहून जास्त मणी कापून टाकायचे. उरतात त्यांना फुगायला जागा मिळते. एवढंच. पण हे 'एवढंच' एकेका घडाला करायचं असतं, मान वर करून, हात वर धरून, दिवसभर. दिंडोरीच्या आमच्या बाजूला हे काम बायकांच्या टोळ्या करतात. आमच्या गावातल्या बारा बायकांच्या टोळीची मुकादम माझी आई आहे. आमची स्वतःची बाग नाही. पण ज्यांच्याकडे टोळी दर हंगामात जाते त्या अण्णांच्या बागेतली प्रत्येक ओळ आईला तोंडपाठ आहे. कुठली वेल उशिरा फुटते, कुठल्या घडाला ऊन लागतं, सगळं.

मला हा हंगाम आवडतो असं मी कॉलेजात सांगितलं तर मैत्रिणींना ते खोटं वाटतं. मान अवघडते, डोळ्यांत बारीक कचरा पडतो, हे सगळं खरं आहे. पण मला इंग्रजी याच द्राक्षवेलींच्या मांडवाखाली भेटलं. शाळेत भेटलं ते इंग्रजी वेगळं होतं. ते फळ्यावर राहायचं आणि तास संपला की पुसलं जायचं.

त्याची सुरुवात रद्दीतून झाली. घडांवर ऊन पडून त्यांचा रंग बिघडू नये म्हणून अण्णा जानेवारीत घडांना कागद लावतात. बाजारात त्यासाठी वेगळा कागद मिळतो, पण अण्णा अजून वर्तमानपत्रांची रद्दीच आणतात. बारावीची परीक्षा झाली त्या वर्षी आलेली रद्दी बहुतेक इंग्रजी होती. काढणीच्या वेळी मी कागद सोडवायला होते. सकाळचं कोवळं ऊन मांडवातून खाली येत होतं, ओळच्या ओळ कागदी कंदील टांगल्यासारखी दिसत होती, आणि प्रत्येक कंदिलावर अर्धं वाक्य. 'ल्युमिनस' हा शब्द मी तिथे पहिल्यांदा पाहिला. कशाची बातमी होती ते कळलं नाही, कारण पुढचा भाग शेजारच्या घडावर होता. कागद मुडपून ओढणीत बांधला आणि घरी आल्यावर मोबाईलवर अर्थ शोधला. ल्युमिनस म्हणजे आतून उजळलेलं. मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत बसले. मी दिवसभर ज्यांच्यामध्ये उभी होते, त्या कागदी घडांचंच ते वर्णन होतं. कुणीतरी कुठेतरी दूर बसून तो शब्द करून ठेवला होता, आणि तो नेमका माझ्या गावातल्या घडाला गुंडाळून आला होता.

तेव्हापासून मला शब्दांचं वेड लागलं. वेड हाच शब्द बरोबर आहे. नाशिकला रविवार कारंज्याजवळ जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक जाडजूड शब्दकोश मिळाला. त्याची पहिली साठ-सत्तर पानं नव्हती. त्यामुळे 'ए'वरून सुरू होणारे अवघड शब्द माझ्या आयुष्यात फार उशिरा आले, पण 'बी'पासून पुढे मी कुणाला ऐकत नव्हते. दोनशे पानी वही केली. एसटीत, पाणी भरताना, कॉलेजच्या रांगेत, वही हातात. नवा शब्द कळला की अंगात गरम दूध गेल्यासारखं वाटायचं.

आणि एक दिवस 'टेंड्रिल' सापडला. वेल आधारासाठी जो कुरळा, हिरवा तंतू बाहेर टाकते, तो. मी वही मिटून थेट चुलीपाशी गेले. "आई, बाळीला इंग्रजीत काय म्हणतात माहितेय?"

वेलीच्या त्या तंतूला आमच्याकडे बाळी म्हणतात. तारेला घट्ट गुंडाळते म्हणून बायका ती खुडून टाकतात. आईनं आजवर किती बाळ्या खुडल्या असतील त्याची गणती नाही.

आई भाकरी थापत होती. "काय म्हणतात?"

"टेंड्रिल."

"बरं," आई म्हणाली. "तिकडंबी खुडतात का?"

त्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. ज्या शब्दाला मी अवघड समजत होते ती वस्तू माझ्या आईच्या नखात रोज असते. अवघड फक्त माझ्यासाठी होतं, आणि तेही थोड्याच दिवसांसाठी.

गेल्या वर्षीचा हंगाम मात्र वेगळा होता, आणि खरं म्हणजे मला त्याच्याबद्दलच लिहायचंय. जमेल की नाही माहीत नाही.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. डिसेंबरात कॉलेजात सूचना लागली की बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत उन्हाळ्यात दोन महिने वनस्पतिशास्त्राचं प्रशिक्षण आहे. आमच्या कॉलेजातून फक्त दोघांना घेणार. आधी लेखी चाचणी, मग मुलाखत. दोन्ही इंग्रजीत. मी ती सूचना तीनदा वाचली. प्रयोगशाळा म्हणजे आमच्यासाठी तोवर एक सूक्ष्मदर्शक आणि त्याच्यामागे बारा जणांची रांग. तिथे दोन महिने रोज प्रयोगशाळेत जायला मिळणार होतं. आमच्या घरातून नाशिकच्या पुढे शिकायला कुणी गेलेलं नव्हतं. नाशिकपर्यंतसुद्धा मीच पहिली. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की कुणाला सांगायला भीती वाटत होती.

सेमिस्टरची परीक्षा संपली होती, म्हणून मी दिवसा टोळीबरोबर बागेत असायचे. अभ्यास कधी करायचा? मग मला एक युक्ती सुचली. एका ओळीला दोघी बायका लागतात आणि सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत एक ओळ होते. ओळीच्या तोंडाशी, पहिल्या खांबाजवळच्या तारेला, एक चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर पाच शब्द, अर्थासह. ते वाचून ओळीत शिरायचं, वेलीमागून वेल घोकत जायचं, आणि दुसऱ्या टोकाला बाहेर पडेपर्यंत पाचही पाठ. ओळीला पाच शब्द. मला हा हिशोब फार आवडला. पहिल्याच दिवशी 'लॅबोरिअस', 'ल्युसिड', 'लीनिअंट', 'लँग्विड' आणि 'लॉफ्टी' मी घामासकट पाठ केले. माझ्याबरोबर ओळीत शमीमभाभी असायच्या. त्यांचे मालक गावात गाद्या भरायचं काम करतात, आणि भाभी टोळीत सगळ्यात वेगानं कात्री चालवतात. त्या म्हणायच्या, "बेटी, तू मण्याला मंतर मारते का गं? तोंड सारखं चालूच."

रविवारी संध्याकाळी मी पुढच्या आठवड्याची तयारी करून ठेवली. सोमवारी लेखी चाचणी होती, मंगळवारी अर्ज भरायचा होता, त्यामुळे दोन दिवस बागेत येणं होणार नव्हतं. परत आले की एक क्षणही वाया जायला नको, म्हणून न झालेल्यांपैकी पुढच्या नऊ ओळींच्या तोंडाशी मी आधीच चिठ्ठ्या बांधून टाकल्या. पंचेचाळीस शब्द वाऱ्यावर हलताना पाहून मला इतका आनंद झाला की मी मोबाईलवर फोटो काढला. दोरा संपला होता, म्हणून आईच्या कामाच्या पिशवीतल्या चिंध्या घेतल्या. जुन्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या.

इथे आमच्या टोळीची एक पद्धत सांगते. ओळ पूर्ण झाली की आई स्वतः एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, घड उलटेपालटे करून बघते, आणि मनासारखं झालं असेल तरच पहिल्या तारेला हिरवी चिंधी बांधते. चिंधी म्हणजे ओळ झाली. मागून डिपिंगवाले येतात. ते मणी फुगण्यासाठी प्रत्येक घड औषधाच्या पेल्यात बुडवतात. ते फक्त चिंधी बघतात. कुणी कुणाला विचारत नाही. मला हे लहानपणापासून माहीत होतं. आणि तरीही रविवारी संध्याकाळी माझ्या डोक्यात ते आलं नाही. डोक्यात पंचेचाळीस शब्द होते.

आई त्या वेळी दोन दिवस कळवणला गेली होती, मावशीच्या मुलीच्या साखरपुड्याला. टोळी कमलमावशींकडे होती. कमलमावशी आईच्या मैत्रीण, पण बोलण्यात आईच्या उलट. आई दहा शब्द बोलेल तिथे त्या शंभर बोलतात.

चाचणी मला चांगली गेली. मंगळवारी लगेच यादी लागली आणि सात जणांत माझं नाव होतं. मुलाखत शनिवारी. एसटीत खिडकीशी बसून मी मुलाखतीत म्हणायचा, स्वतःची ओळख करून देणारा परिच्छेद मनात म्हणत आले. त्यात अठरा अवघड शब्द होते. मी 'टेनेशिअस' म्हणजे चिवट होते, 'डिलिजंट' म्हणजे मेहनती होते, 'पर्स्पिकेशिअस' म्हणजे तीक्ष्ण नजरेची होते. दिंडोरी येईपर्यंत मी इतकी मोठी झाले होते की उतरताना दारात मावले हेच नवल.

बुधवारी सकाळी आईबरोबर बागेत गेले. आई नेहमीसारखी आधी एक फेरी मारायला निघाली. तिसऱ्या-चौथ्या ओळीत ती थांबली. हात वर करून तिनं एक घड तळव्यावर घेतला. तो मुठीसारखा गच्च होता. एकही मणी कापलेला नव्हता, आणि त्यावर औषधाचे सुकलेले थेंब चमकत होते.

"कमल," आईनं हाक मारली. आवाज चढवला नाही. "या ओळी कोणी केल्या?"

कमलमावशी आल्या. घड बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी बाई सोमवारी आले तं चिंध्या बांधलेल्या. म्हटलं तू जायच्या आधी दुसऱ्या बायका लावून उरकून गेली. कागदबी व्हते, म्हटलं कंपनीनं नंबर लावले असतील एक्सपोर्टचे. आम्ही पुढच्या ओळी धरल्या."

आई चिठ्ठीकडे वळली. तिला वाचता येतं, मराठी. इंग्रजी अक्षरं तिनं नुसती बघितली. मग माझ्याकडे बघितलं. अक्षर माझं आहे हे तिला कळलं होतं.

तेवढ्यात अण्णा आले. बाग त्यांची. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी दोन-तीन घड पाहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमच्या हातून असं कधी झालं नाही."

आई म्हणाली, "झालंय खरं. दोन दिवसांत करून देते."

तिनं माझं नाव घेतलं नाही. मला ते सहन झालं नाही. "अण्णा, चिंध्या मी बांधल्या. माझे इंग्रजीचे शब्द होते ते."

अण्णांनी चिठ्ठी हातात घेतली आणि डोळ्यांपासून लांब धरून पाहिली. "काय लिहिलंय?"

"प्रूडंट," मी म्हणाले. "म्हणजे... पुढचा विचार करून वागणारा."

कमलमावशी तोंडाला पदर लावून वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. अण्णा हसले नाहीत, पण चिठ्ठी घडी करून खिशात ठेवून गेले. आजही तो क्षण आठवला की माझे कान गरम होतात.

औषध लागलं होतं. आता मणी तीन-चार दिवसांत फुगणार, एकमेकांना दाबणार, आणि मग मध्ये कात्रीचं टोकही शिरणार नाही. त्या दिवशी राहिलेल्या ओळी उरकून टोळीला गुरुवारपासून दुसऱ्या बागेत जायचं होतं, तिथे शब्द दिलेला होता. नऊ ओळी, दोन दिवस. आणि माझी मुलाखत शनिवारी. कॉलेजातल्या मॅडमनी गुरुवार-शुक्रवार सरावासाठी बोलावलं होतं.

"तू जा कॉलेजला," आई संध्याकाळी म्हणाली. "मी बघते."

"मी नाही जाणार."

"इतके दिवस त्याच्यासाठी करतीय ना?"

"माझ्यामुळे झालंय."

आईनं हातातलं भांडं पुसून ठेवलं. मग म्हणाली, "मंग सहाला निघायचं." एवढंच.

मला वाटलं होतं आम्ही दोघीच असू. पण गुरुवारी सहाला, अंधूक उजेडात, मांडवाखाली सगळी टोळी उभी होती. दुसऱ्या बागेत आठला जायचं होतं, त्याआधी दोन तास इथे. कुणी बोलावलं नव्हतं. निदान आई तरी तसं म्हणाली. थंडी अशी होती की कात्रीचं लोखंड बोटाला चावत होतं. तोंडातून वाफ निघत होती आणि वेलींवरचं दव मनगटातून थेट कोपरापर्यंत घरंगळत होतं.

शमीमभाभींनी ओळीत शिरताना तारेवरची चिठ्ठी सोडली आणि माझ्यासमोर धरली. "मला इंग्लिश वाचता येत नाही. पण तू बोल, मी बोटं मोजते. पाच झाले पायजे."

तिथून जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. शेजारच्या ओळीतून कमलमावशी ओरडल्या, "आमच्या ओळीचे कोणते गं?" मग पलीकडच्या ओळीतून कुणी. मी घड कापत कापत नऊ ओळींचे शब्द सांगत होते, आणि बायका अर्थ ऐकून माणसं शोधत होत्या. 'गॅर्युलस', म्हणजे फार बडबड करणारा. सगळ्यांनी एका आवाजात कमलमावशींचं नाव घेतलं. कमलमावशी म्हणाल्या, "मंग तुझ्या आईला काय म्हणतात? तोंडातून अक्षर काढंना ती?" मी म्हणाले, 'टॅसिटर्न'. "हां," त्या म्हणाल्या, "हे आमच्या दोघींचं जुळलं." 'फ्रूगल', म्हणजे काटकसरी, भाभींच्या सासूला मिळाला. 'पॉम्पस', म्हणजे बडेजाव मिरवणारा, गावातल्या एका पुढाऱ्याला, एकमतानं. दोन वर्षं मी शब्द वहीत साठवत होते. ते वहीत नीट राहतही होते. पण त्या सकाळी पहिल्यांदा ते बाहेर आले, माणसांच्या अंगावर जाऊन बसले, आणि मला सगळे एकदम, न घोकता, आठवू लागले. मांडवाखाली हसू पसरलं की त्याचा आवाज वेगळा येतो, पानांना लागून येतो. माझी बोटं चिकट झाली होती, दोन ठिकाणी कात्री लागली होती, आणि मी इतकी खूश होते की मला त्याची लाज वाटत होती.

फक्त आई यात नव्हती. ती माझ्या मागून येत होती, माझे घड तपासत. एकदा तिनं माझा हात धरला. "नुसते मणी बघू नको. आधी पानं बघ."

"पानं?"

"या काडीला पानं किती? त्येवढ्यांना पोसवतील त्येवढेच मणी ठेवायचे. पानं नसली तं मणी दिसतो, भरत नाय."

वर्षानुवर्षं ती हेच करत आली होती. मला वाटायचं ती अंदाजानं कापते. शुक्रवारी संध्याकाळी नववी ओळ संपली. आईनं तिच्या तोंडाशी चिंधी बांधली, आणि मग आम्ही दोघी बांधावर बसून राहिलो. तिनं माझ्या बोटांना हळद लावली.

शनिवारी मुलाखत. टेबलामागे तिघे होते. मधल्या मॅडम पिकल्या केसांच्या, सुती साडीतल्या, बेंगळुरूहून आलेल्या. त्यांच्यासमोर माझा अर्ज होता. मी तो परिच्छेद सुरू केला. दुसऱ्या वाक्यात अडकले. अठरा शब्दांपैकी एकही पुढे येईना. मॅडमनी अर्जावर बोट ठेवून विचारलं, "तुम्ही इथे स्वतःला 'पर्स्पिकेशिअस' लिहिलंय. याचा अर्थ काय?"

मी इंग्रजीत म्हणाले, "मॅडम, अर्थ मला माहीत आहे. पण हा शब्द माझ्यासाठी नाही. रविवारी मी जे केलं, त्यानंतर तर नाहीच."

त्यांनी मान वर केली. मग त्यांचं लक्ष माझ्या पिवळ्या बोटांकडे गेलं. "काय केलं रविवारी?"

आणि मी सांगितलं. साध्या, छोट्या वाक्यांत. चिंध्या सांगितल्या, नऊ ओळी सांगितल्या. त्यांनी विचारलं, घडात मणी किती ठेवायचे हे कसं ठरवता? मी म्हणाले, आधी पानं मोजायची. पान अन्न तयार करतं. जेवढी पानं, तेवढेच मणी. त्या पुढे झुकल्या आणि एकामागून एक विचारू लागल्या. उशिरा कापलं तर काय होतं, औषध आधी लागलं तर काय होतं. मला सगळ्याची उत्तरं येत होती, कारण ती मी कुठे वाचली नव्हती. शब्द गरज पडेल तसे येत होते. 'टेंड्रिल' आला. 'लॅबोरिअस', म्हणजे कष्टाचं, तोही आला. शेवटी त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?

"माझ्या आईनं," मी म्हणाले. "शी इज मेटिक्युलस."

हा शब्द माझ्या नऊ चिठ्ठ्यांपैकी सहावीवर होता. बारीकसारीक गोष्टीची मनापासून काळजी घेणारा, असा अर्थ मी लिहिला होता. तो तोंडातून निघाला तेव्हा मला आईचा हात दिसला, घड तळव्यावर घेतलेला. त्या एका शब्दाच्या मागे किती पानं होती.

जानेवारीत घडांना कागद लावणं चालू असताना यादी लागली. दोन नावं, त्यातलं दुसरं माझं. फोन केला तेव्हा आईनं तो स्पीकरवर ठेवला. मागे कागदांची सळसळ ऐकू येत होती. मग कमलमावशी म्हणाल्या, "म्हंजे आपल्या नऊ ओळी वाया नाय गेल्या." तशा उशीर झालेल्या तीन ओळींचे घड शेवटपर्यंत गच्चच राहिले आणि ते एक्सपोर्टला न जाता इथल्याच बाजारात गेले. अण्णांनी त्याबद्दल पुन्हा काही काढलं नाही. आईनं मात्र मला माझ्या शाळेच्या निळ्या गणवेशाच्या चिंध्या फाडून दिल्या. "तुझ्या शब्दांना ह्या. हिरव्याला हात लावायचा नाय."

मुलाखतीत काय बोलले ते बायकांनी माझ्याकडून चार वेळा वदवून घेतलं होतं. तेव्हापासून आई बागेत शिरली की कमलमावशी म्हणायच्या, "आली बघा मेटिक्युलस."

बेंगळुरूबद्दल कधीतरी वेगळं लिहीन. तिथल्या प्रयोगशाळेत मी 'ए'वरचे पुष्कळ शब्द गोळा केले. आता मी नाशिकला खोली घेऊन राहते, तिसरं वर्ष आहे, वही तिसरी आहे. मला अजूनही नवा शब्द सापडला की रस्त्यात थांबावंसं वाटतं. शब्द कमी करायला हवेत असं मला वाटत नाही. ते मणी नाहीत, त्यांना कापायचं कारण नाही. फक्त पानं वाढवायला हवीत.

काल सोमवार होता. पहिल्या एसटीनं गेले. मांडवाखाली तोच हिरवा, ओलसर वास. आईनं कात्री हातात दिली. टोळीत यंदा एक नवी मुलगी आहे, पेठ तालुक्याकडची, यमुना नावाची, सोळा-सतरा वर्षांची. हात भराभर चालवत होती. कमलमावशी तिच्या मागून जाताना म्हणाल्या, "पोरी, घाई नको. मेटिक्युलस कर."

"करते मावशी," ती म्हणाली आणि कात्री सावकाश झाली.

मी तिच्या शेजारच्या वेलीपाशी होते. राहवलं नाही. विचारलं, "यमुना, मेटिक्युलस म्हणजे काय गं?"

तिनं माझ्या स्वच्छ बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शहरातून आलेल्या माणसाला समजावतात तशी म्हणाली, "शेजारच्या मण्याला कळू न देता कापायचं, ताई. थिनिंगमधलं आहे ते. डिपिंगसारखं. तुम्हाला होईल सवय."

पलीकडच्या ओळीत आईची कात्री क्षणभर थांबली आणि पुन्हा चालू झाली.

जेवणाच्या सुट्टीत मी पिशवीतून जुनी वही काढली, दोन वर्षांपूर्वीची. त्या शब्दापुढे माझ्या अक्षरात शब्दकोशातला अर्थ होता. त्याच्याखाली मी यमुनाचा लिहिला.